गदगचा हिरवा दगड, देसूरचा काळा दगड आणि सबडक्शन: वय कशाचं काढायचं?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारा खानापूर तालुक्यातला, एमएस्सी भूशास्त्राच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी. देसूरजवळच्या खडीच्या खाणीतून काळा दगड आणि गदगजवळच्या टेकडीवरून हिरवट दगड, असे दोन-दोन किलो नमुने आणले आहेत. दोन्हींचं वय काढून ते सबडक्शनच्या शिलारसातून झाले का, हे प्रकल्पात दाखवायचं आहे. पोटॅशियम-आर्गॉन पद्धत (पोटॅशियमपासून दगडात साचत गेलेला आर्गॉन मोजून वय काढणं) स्वस्तात होते असं कळलं. ती चालेल का?

आर्गॉनचं नंतर बघू. आधी प्रश्नातच एक गाठ आहे, ती सोडवायला हवी. दगडाचं वय सांगतं की तो कधी झाला. कसा झाला, हे वय सांगत नाही. सबडक्शन म्हणजे एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकत प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या थरात, जाणं. जाताना तो समुद्रतळाचं पाणी आणि गाळ घेऊन जातो. खोलवर ते पाणी खनिजांतून सुटतं, वरच्या प्रावरणात शिरतं आणि त्याचा वितळणबिंदू खाली आणतं. या पाण्याची खूण खडकाच्या रसायनात राहते. वय सांगणाऱ्या किरणोत्सारी घड्याळात ती दिसत नाही. समजा २६१ कोटी वर्षं असा आकडा कितीही अचूक काढलात, तरी एकट्या त्यातून सबडक्शन सिद्ध होणार नाही.

मग वय काढायचंच कशाला? दोन कारणांसाठी. पहिलं, क्रम लावायला: बेसॉल्ट आधी, अँडेसाइट-डेसाइट (बेसॉल्टहून जास्त सिलिकाचे ज्वालामुखी खडक) नंतर, ग्रॅनाइट त्यानंतर, असा क्रम असेल आणि मधली अंतरं माहीत असतील, तर भूपट्टांची गोष्ट सांगता येते. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे आणि विद्यार्थी नेमके तेच विसरतात. निओडिमियमच्या समस्थानिकांवरून शिलारस प्रावरणातून ताजा आला की जुनं कवच गिळून आला, हे कळतं. पण त्यासाठी आजचं गुणोत्तर मागे नेऊन दगड झाला त्या दिवशीचं काढावं लागतं, आणि मागे किती न्यायचं हे वयाशिवाय कळत नाही. नेहमीच्या डेसाइटमध्ये वय १० कोटी वर्षांनी चुकलं तर एप्सिलॉन निओडिमियम (हे गुणोत्तर प्रमाण मानलेल्या गुणोत्तरापासून किती दूर आहे ते सांगणारा आकडा; धन म्हणजे ताजं प्रावरण, ऋण म्हणजे जुनं कवच) साधारण एका एककानं सरकतं. किंचित धन आणि किंचित ऋण यांत फरक करायचा असेल, तर तेवढ्यानं निष्कर्ष उलटू शकतो.

आता देसूरचा काळा दगड. तो बाजूला ठेवा असंच मी सांगेन. बेळगाव शहर आणि आजूबाजूचे डोंगर दक्खनच्या बेसॉल्टच्या दक्षिण काठावर बसले आहेत. दक्खनच्या सर्वांत वरच्या थरांपैकी एकाला भूशास्त्रात देसूर हेच नाव आहे, त्याच्या खालच्या थराला पन्हाळा. या बेसॉल्टचं वय ६.६ कोटी वर्षांच्या आसपास आहे हे पक्कं ठाऊक आहे, आणि त्याचा मुख्य भाग दहा लाख वर्षांहून कमी काळात ओतला गेला. तुमच्या एका नमुन्याच्या आर्गॉन वयाची चूकच चार-पाच लाख वर्षांची असेल, तर नवीन काय कळणार? शिवाय हा उद्रेक प्रावरणातल्या उष्ण स्तंभाचा आणि ताणल्या गेलेल्या कवचाचा. त्याचा सबडक्शनशी संबंध नाही.

तरी तो दगड फेकून देऊ नका. तुलनेला त्याचा चांगला उपयोग आहे, आणि त्यात एक धडाही आहे. दक्खनच्याच लोणावळा उपसमूहातला बुशे नावाचा थर जुन्या कवचानं चांगलाच भेसळलेला आहे. त्याच्या मूलद्रव्यांच्या आलेखात नायोबियमच्या जागी खड्डा पडतो. हाच खड्डा पाठ्यपुस्तकात सबडक्शनची सही म्हणून शिकवतात. म्हणजे सबडक्शन नसतानाही ती सही उमटते. शिलारसानं वर येताना ग्रॅनाइट-नाइसचं कवच थोडं खाल्लं की पुरे, कारण त्या कवचात नायोबियम आधीपासूनच कमी असतं. गदगच्या दगडात असा खड्डा दिसला, तर पहिला संशय हाच घ्यायचा.

आणखी एक इशारा, कारण तुमच्या भागात हा घोळ होतो. गोकाकचा धबधबा ज्या खडकावरून कोसळतो तो कलादगीचा क्वार्ट्झाइट, म्हणजे मुळात गाळाची वाळू. त्यातल्या झिरकॉन या टणक, बारीक खनिजाचं वय काढता येतं, पण ते वाळू जिथून आली त्या डोंगराचं वय. थर साचल्याचं नव्हे. आणि खानापूरकडचा जांभा रसायनाच्या कामाला पूर्ण बाद. पावसानं त्यातलं सोडियम, कॅल्शियम, पोटॅशियम कधीच धुऊन नेलं आहे.

तर खरा विषय गदगचा हिरवा दगड. गदगचा पट्टा हा चित्रदुर्ग शिस्टपट्ट्याचा उत्तरेकडचा भाग, धारवाड खंडातला, म्हणजे कर्नाटकातल्या अतिप्राचीन कवचातला. वय अडीचशे कोटी वर्षांच्या पलीकडे. तो हिरवा आहे कारण त्यातल्या मूळ पायरॉक्झीन-प्लॅजिओक्लेजची जागा क्लोराइट, अॅक्टिनोलाइट, एपिडोट आणि अल्बाइट यांनी घेतली आहे. हे रूपांतरण साधारण ३०० ते ४५० अंश सेल्सिअसला होतं. आर्गॉनचा प्रश्न इथेच निकाली निघतो. आर्गॉन हा वायू आहे. खनिज तापलं की निसटतो. बायोटाइटमध्ये तो सुमारे ३०० अंशांच्या खाली आल्यावरच टिकून राहतो, हॉर्नब्लेंडमध्ये सुमारे ५०० अंशांच्या खाली. म्हणजे तुमच्या दगडातलं घड्याळ रूपांतरणाच्या वेळी पुन्हा शून्यावर आलं असणार, पूर्ण नाही तर अर्धवट. अर्धवट जास्त वाईट. मग जे वय येतं ते ना उद्रेकाचं, ना रूपांतरणाचं, मधलंच काहीतरी. त्यात क्लोराइट-अॅक्टिनोलाइटमध्ये पोटॅशियम नावालाच. साध्या पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीत एकच आकडा हाती येतो, तो बिघडलाय की नाही हे तपासायची सोयच नसते. आर्गॉन-आर्गॉन पद्धतीत टप्प्याटप्प्यानं तापवून निदान बिघाड दिसतो तरी. तुम्हाला रूपांतरण कधी झालं हे हवं असेल, तर ती पद्धत उत्तम. आयआयटी मुंबईत तशी प्रयोगशाळा आहे. उद्रेकासाठी मात्र नाही.

रुबिडियम-स्ट्रॉन्शियम पद्धतही रूपांतरणामुळेच बाद, दोन्ही मूलद्रव्यं पाण्याबरोबर हलतात. समेरियम-निओडिमियमची संपूर्ण खडकाची समकालरेषा (एकाच वेळी झालेल्या नमुन्यांचे बिंदू जिच्यावर येतात आणि जिच्या उतारावरून वय निघतं ती रेषा) त्यामानानं दणकट. पण समेरियम-१४७ चं अर्धायुष्य १०,६०० कोटी वर्षं, त्यामुळे गुणोत्तरं फारशी पसरत नाहीत आणि चूक काही कोटींत जाते. त्याहून वाईट म्हणजे दोन वेगळ्या शिलारसांच्या मिश्रणानंही सरळ रेषा येते, आणि ती वयाची रेषा म्हणून खपून जाते.

उरतो झिरकॉन. त्यातल्या युरेनियमचं हळूहळू शिसं होतं. ते मोजणारी युरेनियम-शिसे पद्धत इतकी विश्वासाची का, हे एका उदाहरणातून बघा. शिवमोगा पट्ट्यातल्या डागिनकट्टेच्या फेल्सिक, म्हणजे जास्त सिलिकाच्या, ज्वालामुखी खडकाचं झिरकॉन वय २६१.४ कोटी वर्षं, चूक ८० लाखांची, असं १९९७ साली प्रसिद्ध झालं. या वयाच्या निरोगी झिरकॉनमध्ये शिसे-२०६ आणि युरेनियम-२३८ यांचं गुणोत्तर जवळपास बरोबर ०.५०० येतं: युरेनियमचे दोन अणू शिल्लक असतील तर शिशाचा एक तयार झालेला. शिसे-२०७ आणि युरेनियम-२३५ यांचं गुणोत्तर १२.१२, कारण युरेनियम-२३५ चं अर्धायुष्य फक्त ७०.४ कोटी वर्षं. एकाच कणात दोन घड्याळं, दोन वेगवेगळ्या गतीनं चालणारी, आणि दोन्ही एकच वेळ दाखवतात.

आता समजा, अलीकडच्या काळात झिजेमुळे या कणातून १० टक्के शिसं निघून गेलं. पहिलं गुणोत्तर ०.४५० होतं, त्यावरून वय येतं २३९.५ कोटी. दुसरं १०.९१ होतं, वय येतं २५१.६ कोटी. दोन घड्याळांत भांडण लागलं की कण बिघडलाय हे लगेच कळतं. पण शिसे-२०७ आणि शिसे-२०६ यांचं आपसातलं गुणोत्तर ०.१७६ च राहतं, कारण दोन्ही एकाच प्रमाणात गेले. त्यावरून वय पुन्हा २६१.४ कोटीच येतं. म्हणून इतक्या जुन्या खडकांत ही शिसे-शिसे वयंच वापरतात. मात्र अट लक्षात ठेवा: शिसं अलीकडे गेलं असेल तरच. ते २०० कोटी वर्षांपूर्वीच्या एखाद्या तापण्यात गेलं असेल, तर शिसे-शिसे वयही कमी येतं. त्यामुळे युरेनियम-२३८ चं वय आणि शिसे-शिसे वय यांतली तफावत ५ टक्क्यांहून जास्त असलेले कण सरासरीत घेऊ नका. वरच्या उदाहरणात ती ८ टक्क्यांच्या पुढे आहे, म्हणजे तोही बाहेर.

पण तुमच्या हिरव्या बेसॉल्टमध्ये झिरकॉन सापडणार आहे का? बहुधा नाही. गरम, सिलिका कमी असलेल्या शिलारसात झिरकोनियम विरघळलेलंच राहतं, झिरकॉन म्हणून स्फटिकत नाही. बेसॉल्टमध्ये झिरकॉन सापडलाच तर तो बऱ्याचदा चोरीचा माल असतो, वाटेतल्या जुन्या कवचातून उचललेला. म्हणून बेसॉल्टचं वय सरळ काढायला जाऊ नका, त्याला दोन बाजूंनी कोंडीत पकडा. त्याच्या खालचा आणि वरचा डेसाइट किंवा रायोलाइटचा थर शोधा आणि त्यांची वयं काढा. दोन्हीला छेदून जाणारं ग्रॅनाइट मिळालं तर आणखी एक मर्यादा मिळते. खाली काय आणि वर काय हे पट्टा उभा दुमडलेला असल्यानं दिसतं तितकं सोपं नाही. उशी-लाव्हाच्या उशा बघा: फुगीर बाजू वर, निमुळतं शेपूट खालच्या दोन उशांच्या फटीत. डोळा तयार करायचा असेल तर चित्रदुर्गजवळच्या मर्डीहळ्ळीच्या उशा बघून या, त्या राष्ट्रीय भूशास्त्रीय स्मारक आहेत.

आता नमुना. रायोलाइट किंवा डेसाइटचा ३ ते ५ किलो ताजा दगड लागेल, अँडेसाइट असेल तर १० ते १५. वरची पिवळी-तांबूस साल घणानं पूर्ण उडवा, आतला निळसर-राखाडी गाभाच घ्या. क्वार्ट्झच्या शिरा असलेले तुकडे टाळा, कारण त्यातला झिरकॉन दुसऱ्याच काळाचा असू शकतो. राखेचा थर आणि राख मिसळलेला गाळ यांत फरक करा. गाळात आजूबाजूच्या डोंगरांचे कण असतात, आणि अशा नमुन्याचं वय उद्रेकाचं म्हणून छापलं जाणं ही या क्षेत्रातली फार जुनी चूक आहे. प्रत्येक नमुन्याला नवी पिशवी, जीपीएस नोंद, फोटो. गदगजवळची कप्पतगुड्डा ही डोंगररांग आता वन्यजीव अभयारण्य आहे. तुमच्याकडच्या भीमगडसारखंच तिथेही वनखात्याच्या परवानगीशिवाय हातोडा चालवू नका. कन्नड येत असेल तर गदगकडे शेताच्या बांधावरचे अर्धे उघडे खडक गावकरीच दाखवतात.

आणल्यावर आधी थिन सेक्शन, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा दगडाचा पातळ काप. त्याआधी प्रयोगशाळेत एक दगडही फोडू नका. मूळ पोत दिसतो का, क्वार्ट्झ किंवा फेल्स्पारचे मोठे स्फटिक आहेत का, कार्बोनेट किती शिरलंय, हे दोन दिवसांचं काम पुढचे सहा महिने वाचवतं.

मग दळण. जॉ क्रशरनं फोडायचं, डिस्क मिलनं बारीक करायचं आणि २५० मायक्रॉनच्या चाळणीतून काढायचं. एकदम पीठ करू नका, झिरकॉन स्वतःच ५० ते २०० मायक्रॉनचा असतो आणि तोही फुटतो. दोन नमुन्यांच्या मध्ये यंत्र ब्रशनं आणि हवेनं साफ करून थोडी स्वच्छ क्वार्ट्झ चालवा. आधीच्या नमुन्यातला एक कण अडकून राहिला, तर तुमच्या रायोलाइटमध्ये ५० कोटी वर्षांचा पाहुणा निघतो आणि मग लोक त्यावर सिद्धांत रचतात. पुढे पाण्यात हलत्या टेबलावर किंवा पातेल्यात, सुपात पाखडावं तसं, हलकं वाहून जाऊ द्यायचं. हातचुंबकानं लोखंडाचा चुरा काढायचा. मग जड द्रव: ब्रोमोफॉर्मची घनता २.८९, मिथिलीन आयोडाइडची ३.३, झिरकॉन ४.६ चा, तो तळाला बसतो. ब्रोमोफॉर्म विषारी आहे, धुराच्या कपाटाशिवाय हात लावू नका. शेवटी चुंबकीय विलगकावर सर्वांत कमी चुंबकीय भाग वेगळा करा. त्यात युरेनियम कमी असलेले, जाळी न मोडलेले कण असतात. गदगच्या दगडात पायराइट भरपूर असेल तर तोही तळाला येतो. कोमट सौम्य नायट्रिक आम्लानं तो जातो, झिरकॉनला काही होत नाही.

दुर्बिणीखाली कण वेचताना फक्त देखणे, लांबट, काचेसारखे कण निवडायचा मोह होतो. देखण्यांबरोबर गोल झिजलेले कणही थोडे घ्या. ते जुन्या कवचातले असतील तर तीही माहितीच आहे. इपॉक्सीत बसवून अर्ध्यापर्यंत घासायचं आणि कॅथोडोल्युमिनेसन्सचं, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या माऱ्यानं कण चमकतो त्याचं, चित्र घ्यायचं. चित्रात झाडाच्या खोडासारखी बारीक वलयं दिसली तर तो भाग शिलारसातला. मध्ये गोलसर, वेगळ्या रंगाचा गाभा असेल तर तो उसना. बाहेरची पांढुरकी, बिनवलयाची किनार रूपांतरणाची असू शकते. वय मोजायला कणाचा जो ठिपका लेझरनं उडवतात तो २५-३० मायक्रॉनचा असतो. तो गाभा आणि किनारीच्या सीमेवर पडला तर दोन्हीचं मिश्र वय येतं, आणि ते पाहून कधीही न घडलेला उद्रेक जन्माला येतो.

लेझर पद्धतीत दर आठ-दहा मोजण्यांनंतर ज्ञात वयाचा संदर्भ झिरकॉन मोजतात. १०६.५ कोटी वर्षांचा ९१५०० हा नेहमीचा. त्याबरोबर तुमच्या दगडाइतका जुना एक संदर्भही मागा, ऑस्ट्रेलियातला ३४६.५ कोटींचा ओजी-१ त्यासाठी वापरतात. तो अज्ञात म्हणून मोजायचा. त्याचं वय बरोबर आलं तरच तुमच्या आकड्यांवर विश्वास. निदान १५-२० सुसंगत कण हातात हवेत, म्हणून ४० तरी ठिपके ठरवा. भारित सरासरीसोबत येणारा एमएसडब्ल्यूडी (कणांची वयं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) एकच्या आसपास असावा. चार-पाच आला तर एकाहून जास्त वयांचे कण एकत्र कोंबले आहेत असं समजा. आणि सरासरीची चूक ३० लाख वर्षं आली म्हणून तीच छापू नका; लेझर पद्धतीची एकूण अचूकता एक-दोन टक्क्यांची असते. तुमचा तर्क खालच्या आणि वरच्या थरातल्या ५० लाख वर्षांच्या फरकावर उभा असेल, तर झिरकॉन सुमारे ९०० अंशांवर भाजून, आम्लानं त्याचे खराब भाग विरघळवून, एकेक कण मोजण्याची पद्धत लागेल. ती एमएस्सीच्या वेळेत बसत नाही.

इथवरचं सगळं 'कधी' साठी. 'कसं' साठी त्याच दगडांचं रसायन, आणि यात दोन खड्डे हमखास. टंगस्टन कार्बाइडच्या भांड्यात दगड दळलात तर त्यातून कोबाल्ट आणि टँटलम नमुन्यात येतं, आणि टँटलम तर नायोबियमसारखंच वागणारं, सबडक्शनच्या वादातला मुख्य साक्षीदार! अगेटचं भांडं वापरा. दुसरं, फेल्सिक खडक नुसत्या उघड्या आम्लात विरघळवला तर त्यातला झिरकॉन तसाच राहतो आणि झिरकोनियम-हाफ्नियमचे आकडे कमी येतात. लिथियम मेटाबोरेटबरोबर वितळवून घ्या किंवा बंद भांड्यात दाबाखाली विरघळवा.

वाचताना पोटॅशियम, सोडियम, रुबिडियम, बेरियम यांच्यावर भिस्त नको. रूपांतरणात ते हलतात. थोरियम, नायोबियम, टायटॅनियम, झिरकोनियम, इट्रियम आणि दुर्मीळ मृदा मूलद्रव्यं जागची कमी हलतात. नायोबियम आणि टायटॅनियम सबडक्शनच्या पाण्यात फारसे विरघळत नाहीत, खालीच राहतात. थोरियम आणि लँथॅनम वर येतात, त्यातही गाळाचा वाटा. म्हणून थोरियम-यटर्बियम गुणोत्तर विरुद्ध नायोबियम-यटर्बियम गुणोत्तर हा आलेख काढा. स्ट्रॉन्शियम-इट्रियम गुणोत्तर ४० च्या वर दिसलं की लगेच 'अॅडाकाइट, म्हणजे वितळलेला भूपट्ट' असं लिहायची घाई होते. पण स्ट्रॉन्शियम हलतं, आणि जाड कवचाच्या तळाशी वितळलेला बेसॉल्टही तसाच दिसतो. इथेच भेसळीचा प्रश्न सोडवावा लागतो: सिलिका वाढत जाते तसा नायोबियमचा खड्डाही खोल होत जातो का? होत असेल तर कवचाची भेसळ. सर्वांत कमी सिलिकाच्या, भरपूर मॅग्नेशियमच्या बेसॉल्टमध्येही खड्डा तितकाच आणि वय मागे नेल्यावर एप्सिलॉन निओडिमियम धन, तर सबडक्शनची बाजू भक्कम. झिरकॉनमध्ये ३०० कोटींच्या पुढचे उसने गाभे निघाले, तर जुनं कवच खाली होतं हे उघड, आणि भेसळीची शंका पुन्हा जिवंत.

शिवाय अडीचशे-तीनशे कोटी वर्षांपूर्वी भूपट्ट आजच्यासारखे सरकत होते का, यावरच अजून एकमत नाही. धारवाडमध्ये सबडक्शनवाले आणि उष्ण स्तंभवाले, दोन्ही पक्ष आहेत. प्रबंधात 'सबडक्शनशी सुसंगत' लिहा, 'सबडक्शन सिद्ध' लिहू नका. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक त्या एका शब्दावर अर्धा तास घेतात.

तुमच्याकडच्या वेळेत मी असं करेन. दोन किलो हिरव्या दगडातून तीन थिन सेक्शन आणि एक रासायनिक विश्लेषण. सिलिका ५२ टक्क्यांच्या खाली आली तर झिरकॉनच्या मागे न लागता गदगला परत जाऊन त्याच उताऱ्यातला फिकट, चकाकत्या क्वार्ट्झ-डोळ्यांचा थर शोधा आणि त्याचे ५ किलो आणा. सिलिका ६५ च्या वर असेल तर याच जागेचा आणखी ३ किलो पुरेल. युरेनियम-शिसेसाठी हैदराबादच्या एनजीआरआयला (राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था) आणि डेहराडूनच्या वाडिया संस्थेला मार्गदर्शकांच्या सहीचं पत्र आत्ताच पाठवा. यंत्रावरचा नंबर लागायला महिने जातात, आणि वेगळे केलेले कण तोवर कुपीत सुरक्षित राहतात. देसूरच्या दगडाचं रसायन मात्र त्याच खेपेत, त्याच भांड्यात, त्याच पद्धतीनं करून घ्या, म्हणजे दोन्ही आकडे शेजारी ठेवता येतील.